डोंबिवलीत सापडलेला घाट

घाट म्हणजे काय, हे कर्जतकराला सांगावं लागत नाही. पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि मग ती बोरघाट चढू लागते. याच रेल्वेमार्गावर आणखी एक घाट आहे, पण तो आकड्यांचा:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकेक पायरी चढत नऊपर्यंत जायचं आणि तशीच एकेक उतरत पुन्हा एकावर यायचं. संख्या सतरा अंकी. एकं, दहं, शतं म्हणत निघालं, तर कोटी, अब्ज, खर्व, निखर्व मागे पडतात आणि ‘लीलावती’तल्या यादीप्रमाणे आपण ‘मध्य’ या स्थानावर पोचतो. त्यापुढे उरतो फक्त परार्ध.

एवढा डोंगर उभा राहिला कशातून? नऊ वेळा लिहिलेल्या एकातून. १११११११११ ला त्याच संख्येने गुणा, झाला घाट तयार.

कारण कळायला छोटं उदाहरण पुरे. वहीत १११ गुणिले १११ मांडा. तिन्ही ओळी १११ च्याच, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रांगा मोजा. कडेच्या रांगेत एक एक, शेजारच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत तीन. बेरीज १२३२१. नऊ ओळी मांडल्या की मधल्या रांगेत नऊ एक येतात. तेच शिखर.

अशा संख्यांचा विचार दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना (१९०५–१९८६) जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनावर सुचला. मुंबईपासून ३० मैलांवरच्या त्या स्टेशनाच्या ‘डेमलो’ या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटलं. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. कल्याणला रूळ फुटतात: एक फाटा आपल्या कर्जतकडे, दुसरा कसाऱ्यावरून देवळालीकडे. त्या देवळालीत कापरेकर शाळामास्तर होते.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं. आपल्या घाटाच्या सगळ्या पायऱ्यांची बेरीज ८१. भागून पाहा: उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ही डेमलो संख्या हर्षदही निघाली. शिवाय हे उत्तर १२३४५६७९ चा वर्ग आहे, ज्यात आठ तेवढा गायब!

मग दहा एक घेतले तर? मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा शेजारच्या घरात जातो आणि शिखर ढासळतं: १२३४५६७९००९८७६५४३२१. घाट नऊवरच का थांबतो, याचं उत्तर गुणाकारात नाही. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधून मोजतो, बारा-बाराचे बांधले असते तर तो आणखी दोन पायऱ्या चढला असता.