सडपातळ देहातील साखर

धान, मोहफुले, तेंदूपत्ता, किराणा आणि कापड यांच्या उलाढालीवर जगणाऱ्या पोंभुर्ण्यासारख्या गावांत मधुमेहाविषयी एक समजूत अजूनही घट्ट आहे. हा आजार लठ्ठ माणसाचा, शहरी माणसाचा आणि मिठाईचा सोस असलेल्याचा, असे मानले जाते. त्यामुळे सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत दुकानाच्या गादीवर बसणारा, हातपाय बारीक आणि पोट किंचित पुढे आलेला गृहस्थ स्वतःला निर्धास्त समजतो. वजनकाटाही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. ही साक्ष किती फसवी असते हे पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी जगाला दाखवून दिले आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेड्यांतील विवाहित स्त्रियांची नोंद घेण्यास आरंभ केला. ग्रामीण आरोग्यसेवेचे मोठे काम उभारणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांच्या रुग्णालयाची ती परंपराच होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधकही या कामात सहभागी होते. गर्भारपणापूर्वी स्त्रीचे वजन-उंची मोजायची, गर्भारपणात तिचा आहार, तिचे श्रम आणि तिच्या रक्तातील पोषणद्रव्ये यांची नोंद ठेवायची, आणि जन्मलेल्या बाळाचे मोजमाप ७२ तासांच्या आत घ्यायचे, अशी ही चिकाटीची योजना होती. त्या माता शेतात राबणाऱ्या, ठेंगण्या, सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो.

एवढ्यावर थांबले असते तर ही कुपोषणाची नेहमीची कथा ठरली असती. परंतु संशोधकांनी चिमट्यासारख्या उपकरणाने बाळांच्या खांद्याच्या पात्याखालील कातडीची घडीही मोजली. पुण्याच्या बाळाचे पोट लहान होते, दंड बारीक होते, स्नायू तुटपुंजे होते. पाठीवरची चरबी मात्र इंग्रज बाळाच्या तुलनेत फारशी कमी नव्हती. शरीराने सगळीकडे काटकसर केली, पण चरबीच्या खात्याला हात लावला नाही. नाळेतील रक्त तपासले तेव्हा वजनाच्या मानाने इन्सुलिनही अधिक आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या बाळाला ‘कृश पण मेदयुक्त’ अशा अर्थाचे नाव मिळाले, आणि आज जगभरचे मधुमेहतज्ज्ञ ते नाव वापरतात.

इन्सुलिन हा स्वादुपिंडातून स्रवणारा हार्मोन. रक्तातील साखरेला स्नायूंच्या पेशींत प्रवेश मिळवून देणे हे त्याचे मुख्य काम. स्नायू थोडे आणि पोटातील चरबी जास्त असली की इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतत राहते आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीनंतर थकते. साखर वाढलेली दिसते ती त्या थकव्यानंतर. म्हणजे अहवालात पहिल्यांदा आकडा चढतो, त्याच्या पुष्कळ आधी रोगाची सुरुवात झालेली असते.

डॉ. याज्ञिक यांनी हे स्वतःच्या देहावरही दाखवले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापले गेले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे आदर्श. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! व्यापारी कुटुंबांतील पुरुषांनी वजनापेक्षा कमरेचा घेर मोजावा असे डॉक्टर का सांगतात, हे त्या एका छायाचित्रावरून उमगते. भारतीय पुरुषांसाठी ही मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते.

या संशोधनाचा शाकाहारी घरांशी थेट संबंध येतो तो बी-१२ जीवनसत्त्वामुळे. त्या सहा खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ते कमी आढळले. पालेभाज्या आणि गोळ्यांतून मिळणारे फोलेट मात्र जवळजवळ सर्वांना पुरेसे होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत अधिक दिसला. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००६ मध्ये, पुण्याच्या पुरुषांच्या एका पाहणीत आणखी धक्कादायक बाब पुढे आली होती. बी-१२ची उणीव खेड्यातील किंवा झोपडपट्टीतील पुरुषांपेक्षा शहरी मध्यमवर्गात अधिक होती, तब्बल ८१ टक्के. पैसा होता, धान्य होते, तूप होते, पण हे जीवनसत्त्व नव्हते.

वनस्पतींत बी-१२ नसते. ते जिवाणू तयार करतात आणि शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. चहातले चमचाभर दूध त्यासाठी पुरेसे नाही. औषधातील बी-१२ सुद्धा जिवाणूंच्या किण्वनातून बनते, त्यामुळे आहारनियम पाळणाऱ्यांनी त्याबाबत संकोच बाळगण्याचे कारण नाही. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते, तेवढे पाहून साधी गोळी मागावी. इन्सुलिनविषयीही जुना किंतु अनेक घरांत आहे. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्या रुग्णाला दिलेले इन्सुलिन प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते आणि पुढे कित्येक दशके तसेच होते. १९८२ पासून मात्र मानवी इन्सुलिन जिवाणूंकरवी प्रयोगशाळेत बनवले जाऊ लागले आणि आज सर्रास तेच किंवा त्याचे सुधारित प्रकार मिळतात.

एक गफलत विशेष घातक आहे. मधुमेहावरचे सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून बी-१२ शोषले जाणे कमी होते. मुळातच शाकाहारी असलेल्या, दहा वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या दुकानदाराच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या की घरचे म्हणतात, साखरेने नसा गेल्या. कधी ते खरे असते. पण कधी त्या बी-१२अभावी गेलेल्या असतात, आणि वेळीच उपचार झाले तर हे नुकसान पुष्कळ प्रमाणात थांबवता येते. सोबत नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी गुपचूप चालू राहते. मेटफॉर्मिन उपयुक्त औषध आहे. ते आपल्या मनाने बंद करू नये, मात्र वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात तपासणीबाबतच आणखी एक अडचण आहे, आणि मोठ्या शहरातील डॉक्टरलाही ती चटकन सुचत नाही. या जंगलपट्ट्यात सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण पुष्कळ आहेत. दुकानात, गोदामात, घरकामात वर्षानुवर्षे साथ देणाऱ्या अनेक कुटुंबांत तो आढळतो. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून ओळखली जाणारी एचबीएवनसी चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. पेशी सुमारे १२० दिवस जगते हे तिचे गृहीतक. सिकलसेल रुग्णाच्या पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो आणि मधुमेह लपून राहतो. वाहकांतही काही यंत्रांवर निकाल चुकतो. उलट लोहाच्या कमतरतेने आकडा खोटा वाढू शकतो. अशा वेळी उपाशीपोटी आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी केलेली साधी रक्ततपासणी अधिक विश्वासार्ह ठरते. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेलची तपासणी होत आहे. ते कार्ड साखरेच्या अहवालाला टाचून ठेवले तर डॉक्टरांचे काम सोपे होईल.

चातुर्मासातील तपाविषयी थोडेच, पण स्पष्ट लिहावे लागेल. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निर्जळी किंवा केवळ उकळलेल्या पाण्यावरचा उपवास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी, नंतर नव्हे, मात्रा बदलून घेतली पाहिजे.

पुण्यातील त्या सहा खेड्यांत संशोधन थांबलेले नाही. १९९४ ते ९६ दरम्यान गर्भात असलेली बाळे किशोरवयात आली तेव्हा, २०१२ मध्ये, ‘प्रिया’ नावाचा नवा प्रयोग सुरू झाला. त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचे, काहींना इतर सूक्ष्म पोषकद्रव्यांसह, आणि पुढच्या पिढीचे बाळ कसे जन्मते ते पाहायचे. गर्भ राहिल्यावर गोळ्या सुरू करणे उशिराचे ठरते, हा त्यामागचा विचार. गोळी केवळ मुलींना दिली गेली नाही. ती मुलग्यांनाही दिली गेली.