बेआत्रिचे : नावात दडलेली वाटसरू

दान्तेमुळे ‘बेआत्रिचे’ हे इटालियन नाव मराठी वाचकाला परिचयाचे आहे. इंग्रजीच्या वाटेने ते आपल्याकडे ‘बिअ‍ॅट्रिस’ होऊन आले. त्याचा रूढ अर्थ ‘सुख देणारी’. लॅटिन ‘बेआतुस’ म्हणजे धन्य, सुखी. त्यामुळे हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. पण माझ्या मते तो या नावाचा केवळ उत्तरार्ध आहे.

पूर्वार्ध रोममध्ये सापडतो. सम्राट डायोक्लेशनच्या काळातील छळात दोन भावांना मारून टायबर नदीत टाकण्यात आले. बहिणीने त्यांचे देह काढून पुरले आणि पुढे तिलाही प्राण गमवावे लागले, अशी कथा आहे. आज ती संत बेआत्रिचे म्हणून ओळखली जाते. जुन्या नोंदींत मात्र तिचे नाव ‘व्हियात्रिक्स’ आहे. ‘व्हिया’ म्हणजे वाट. व्हियात्रिक्स म्हणजे वाट चालणारी. आयुष्याला यात्रा मानणाऱ्या त्या समाजाला हे नाव शोभणारेच होते.

मग बदल कसा झाला? उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘व’ आणि ‘ब’ यांची सरमिसळ होई. आपल्याकडेही ‘वन’ आणि ‘बन’ शेजारी नांदतातच. त्यात ‘बेआतुस’ची ओढ लागली आणि वाटसरूची आनंददायिनी झाली.

शेवटचा ‘त्रिक्स’ मात्र टिकला. हा कर्तृवाचक स्त्रीलिंगी प्रत्यय संस्कृत ‘त्री’चा नातलग आहे. लॅटिन ‘गेनेत्रिक्स’ आणि संस्कृत ‘जनित्री’, दोन्हींचा अर्थ जन्मदात्री. ‘धात्री’, ‘अभिनेत्री’ हे शब्द याच घडणीचे. म्हणजे हे नाव मुळात गुणाचे नसून कर्तीचे आहे.

दान्तेची बेआत्रिचे फ्लॉरेन्समधील बीचे पोर्तिनारी, असे बोकाचिओने नोंदवले आहे. ती 1290 मध्ये वारली. ‘बीचे’ हे बेआत्रिचेचेच लाडके रूप. ‘डिव्हाइन कॉमेडी’त ती स्वर्गात नुसती बसून राहत नाही. वाट चुकलेल्या कवीसाठी ती व्हर्जिलकडे नरकाच्या पहिल्या वर्तुळात उतरते आणि पुढे स्वतः वाटाड्या होते. नावातून पुसलेली वाट काव्यात तिच्याच पायांखाली पुन्हा उमटते.

मुलींच्या नावांचे अर्थ लावताना आपण सौंदर्य, सुख, मांगल्य शोधतो. त्या गोड अर्थांखाली कधीकधी एक चालती, करती स्त्री झाकली जाते. बेआत्रिचे म्हणताना तिचीही आठवण असावी.