पायांनी ऐकायचे संगीत

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले, की गणेशोत्सवाचा मांडव, चित्रपटगीते आणि मधूनमधून कोट्या करणारा निवेदक डोळ्यांपुढे येतो. मी ज्या घरात वाढले तिथे मान होता तो ख्यालाच्या बैठकीला. ऑर्केस्ट्रा म्हणजे वेळ घालवणे. त्यामुळे नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मावशीने आंद्रे रियू यांच्या वॉल्ट्झच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे काढली, तेव्हा मी मनातून नाकच मुरडले होते. पाश्चात्त्य संगीताचे जाणकार त्यांना दिखाऊ आणि गोडगोड म्हणतात, हे वाचून होते. मावशी म्हणाली, “अगं, टीका मग लिही. आधी चल तर!”

कार्यक्रम मास्ट्रिख्टमध्ये होता. रियू यांचा जन्म 1949 साली याच गावी झाला. वडीलही वाद्यवृंदाचे संचालक. गावातल्या फ्राइटहोफ या चौकात दर उन्हाळ्यात त्यांचे कार्यक्रम होतात. एका कडेला दोन जुनी चर्चेस शेजारी शेजारी उभी, त्यांतल्या एकाचा मनोरा लालभडक. बाकी बाजूंना उपाहारगृहे. रेशमी घोळदार झगे घातलेल्या वादक स्त्रिया आणि काळ्या कोटातले पुरुष वाजवतच प्रेक्षकांमधून चालत आले. 1987 साली बारा वादकांनी सुरू झालेल्या या योहान स्ट्राउस ऑर्केस्ट्रात आता पन्नासहून अधिक वादक आहेत. शोस्ताकोविचच्या एका वॉल्ट्झच्या 1994 मधील ध्वनिमुद्रणाने त्यांचे नाव घरोघरी पोचले.

रियू हातात व्हायोलिन घेऊन उभे राहतात. कधी वादकांकडे, कधी प्रेक्षकांकडे वळतात. वाजवत नसतील तेव्हा गजानेच ताल दाखवतात. मला ही नाटकी लकब वाटली. नंतर वाचत गेले तेव्हा कळले, की व्हिएन्नामधले स्ट्राउस पितापुत्र असेच उभे राहत. थोरला योहान स्ट्राउस खानावळींत आणि नाचघरांत वाजवून वर आला आणि आपला ताफा घेऊन युरोपभर फिरला; 1838 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी तो लंडनमध्ये वाजवत होता. धाकटा योहान 1856 पासून अनेक उन्हाळे रशियातल्या पाव्हलोव्स्क इथे रेल्वे स्थानकाच्या सभागृहात वाजवायला जाई; गाडीला प्रवासी मिळावेत म्हणून रेल्वे कंपनीच हे कार्यक्रम भरवत असे. म्हणजे तिकिटावर जगणारा, गावोगाव फिरणारा वाद्यवृंद हे वॉल्ट्झचे मूळ घरच होते. धाकटा भाऊ एडुआर्ड याने 1901 साली तो वाद्यवृंद मोडला आणि 1907 साली त्याचे स्वरलिपींचे प्रचंड भांडार जाळून टाकले.

फिरत्या संसाराची जोखीम आजही तीच आहे. 2008 च्या दौऱ्यासाठी रियू यांनी व्हिएन्नाच्या शॉनब्रून राजवाड्याची अवाढव्य प्रतिकृती उभारली आणि त्यापायी कर्जात बुडाले. त्यातून वर आले ते पुन्हा कार्यक्रम करूनच.

आता तालाकडे वळते. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. पहिली मात्रा खर्जातली वाद्ये देतात. दुसरी आणि तिसरी मुख्यतः दुय्यम व्हायोलिने आणि व्हिओला. व्हिएन्नाच्या शैलीत दुसरी मात्रा किंचित आधी पडते आणि तिसरी जराशी रेंगाळते. कागदावर तिन्ही मात्रा सारख्याच असतात. हा झोल वादकाच्या अंगात असावा लागतो. पण तो आला कुठून? मी समोर नाचणाऱ्या जोडप्यांची पावले मोजू लागले. एक पूर्ण गिरकी सहा पावलांत होत होती. तिनात अर्धी, पुढच्या तिनात उरलेली. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. हा तर माझा दादरा! समेला गिरकी सुरू, खालीला पाठ फिरलेली.

मी पुण्यात ठुमरी-दादरा शिकले ते मांडी घालून. पण हे गाणे एके काळी नाचासोबतचे, हावभावांचे होते. गाणाऱ्या तवायफांवर समाजाने नाक मुरडले, गाणे प्रतिष्ठित सभागृहात आले आणि येताना पाय बाहेर ठेवून आले. वॉल्ट्झचेही थोडेफार तसेच झाले. ‘ब्लू डॅन्यूब’ 1867 साली पहिल्यांदा सादर झाला. आज मोठ्या सभागृहांत तो स्तब्ध बसून ऐकतात. त्या ऐकण्यात सूक्ष्मता असते, हे मी नाकारत नाही. फ्राइटहोफवर आवाज ध्वनिक्षेपकांतून येत होता, त्यात दुसऱ्या मात्रेची नजाकत कधी कधी सपाट होत होती. विनोदही जरा जास्तच होते.

पण ‘ब्लू डॅन्यूब’ सुरू झाला आणि खुर्च्यांमधल्या वाटा माणसांनी भरल्या. शेजारच्या एका वृद्ध डच गृहस्थांनी मावशीपुढे हात केला. तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. “मावशी, गुडघा!” मी म्हणाले. “तो घरी गेल्यावर दुखेल,” असे म्हणून ती उठली. तिला नाच येत नव्हता. पहिल्या काही आवर्तनांत ती अडखळली, मग पहिल्या मात्रेवर वजन टाकायला शिकली, आणि त्या उशीर करणाऱ्या तिसऱ्या मात्रेवर तिला वळायला सवड मिळू लागली. तिच्याकडे पाहताना मला ती मात्रा का रेंगाळते ते उमगले. इतकी वर्षे मी तालावर लिहीत आले, पण मात्रा ही शरीराला दिलेली सवड असू शकते, हे माझ्या कुठल्याच लेखात नाही.

माझ्यापुढेही कुणीतरी हात केला होता. मी हसून मान हलवली आणि बसून राहिले. गाडीत मावशी पाय चोळत म्हणाली, “तू का नाही उठलीस गं?” मी म्हटले, “मी मात्रा मोजत होते.” ती म्हणाली, “मी पण!”