आडवाटेचे प्रयोजन : ‘देवेंद्र कुरवंजी’ आणि सँडबॉक्स खेळ

कुरवंजी या तमिळ नृत्यनाट्यप्रकाराचे कथानक अल्प असते. विरहिणी नायिका, तिचा हात पाहणारी भटकी कुरवंजी आणि तिने वर्तविलेले मीलन, एवढाच त्याचा गाभा. मध्यंतरी कुरवंजी आपले डोंगर आणि पाहिलेली स्थळे वर्णिते. १८व्या शतकातील तिरिकूडराजप्प कविरायरांच्या ‘कुट्राल कुरवंजी’त असे गिरिवर्णन आहे, कथा पुढे सरकण्यासाठी मात्र ते अपरिहार्य नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७–१८३२) मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचताना नेमक्या याच मोकळ्या जागेत पृथ्वीचा भूगोल आणला. कथा निमित्तमात्र उरली आणि आडवाटच राजमार्ग झाली.

‘सँडबॉक्स’ पद्धतीच्या भूमिकाप्रधान संगणक-खेळांचे आकर्षण या रचनेच्या आधारे उलगडता येते. येथे खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन विस्तीर्ण प्रदेशात स्वेच्छेने हिंडतो. मुख्य कथेखेरीज अनेक उपमोहिमा त्याला खुल्या असतात. ‘मॉरोविंड’ (२००२) मध्ये मुख्य कथेतील वरिष्ठच नवख्या नायकाला आधी इतर कामे पत्करून अनुभव मिळविण्यास सांगतो. ‘स्कायरिम’ (२०११) मध्ये जगाचा घास घेणारा ड्रॅगन परतलेला असतो. तरीही नायक गावोगावची गाऱ्हाणी ऐकत फिरू शकतो. संकट त्याच्यासाठी खोळंबून राहते.

उपमोहिमेचा आनंद केवळ निर्बंधांच्या अभावात नाही. मुख्य कथा वाट पाहत असते, म्हणूनच आडवाट ही आडवाट ठरते. ते ध्येय काढून घेतल्यास उरते ती निरुद्देश भटकंती. कुरवंजीच्या वर्णनांनाही भविष्यकथनाच्या प्रतीक्षेचा असाच आधार असतो.

दोहोंत भेदही आहे. नाट्यात भ्रमणाचा क्रम कवी ठरवितो आणि प्रयोगाची कालमर्यादा श्रोत्यांना कथेकडे परत आणते. खेळात वाटा रचनाकाराने आखलेल्या असल्या, तरी त्यांचा क्रम खेळणारा ठरवितो आणि मुख्य कथा कायमची अपूर्ण ठेवण्याची मुभाही त्याला असते. त्याचे स्वातंत्र्य नवी वाट निर्माण करण्याचे नसून क्रमाचे आणि विलंबाचे आहे.

उपकथेला गौण लेखणाऱ्या आपल्या समीक्षापरिभाषेचा त्यामुळे पुनर्विचार करावा लागतो. कथानकाच्या एकात्मतेच्या निकषावर सरफोजींची कृती दुबळी ठरेल; श्रोत्याला किती जग दाखविले, हा निकष लावल्यास तिचे प्रयोजन स्पष्ट होते.