स्तनाची पुनर्रचना : नागपूर-मुंबईला निघण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो तो जिवाचा. दुसरा येतो पैशाचा. या दोहोंच्या गर्दीत तिसरा एक प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारत नाही, आणि तो विचारायची योग्य वेळ मात्र शस्त्रक्रियेच्या आधीचीच असते. स्तन काढावा लागला, तर त्या जागी नवा करता येईल का? पुष्कळ जणींच्या बाबतीत करता येतो. आपल्या भंडारा जिल्ह्यातून त्यासाठी बाहेरगावी जावं लागतं, आणि जाणाऱ्या बाईनं तयारी कशी करावी, हे आज सांगायचं आहे.

'जीव वाचला, आता हे चोचले कशाला?' असं म्हणणारं कुणीतरी घरात निघतंच. पण शरीराचा गेलेला भाग परत घडवणं हे आपल्या मुलखाला नवं नाही. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली होती. कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. इकडच्या एका वैद्यानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. एका जागचं मांस, त्याचा रक्तपुरवठा तुटू न देता, दुसरीकडे नेऊन जगवायचं. आज पाठीचं किंवा पोटाचं मांस छातीवर आणतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

नियमही या बाईच्या बाजूचे आहेत. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण विमा नियामकानं ठरवून दिलेल्या त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. अमेरिकेत तर १९९८ साली कायदाच झाला, की जो विमा स्तन काढण्याचा खर्च देतो, त्यानं पुनर्रचनेचाही द्यावा. आपल्याकडे बऱ्याच जणींचा आधार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हाच असतो. तेव्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमकं विचारा : मंजुरी फक्त स्तन काढण्याची आहे, की पुनर्रचनेचीही? इम्प्लांट लागलं तर त्याचे पैसे कोण भरणार? तोंडी उत्तरावर गाडी पकडू नका. मंजुरीचा कागद हाती येऊ द्या.

आता पुनर्रचना म्हणजे काय, ते थोडक्यात. एक रीत इम्प्लांटची. सिलिकॉनची पिशवी छातीत बसवतात. कातडी पुरेशी नसेल तर आधी एक्स्पांडर नावाची रिकामी पिशवी ठेवतात, दर आठ-पंधरा दिवसांनी तिच्यात सुईनं मिठाचं पाणी भरत कातडी ताणतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमचं इम्प्लांट घालतात. दुसरी रीत स्वतःच्या शरीराचं मांस वापरण्याची. पाठीचा स्नायू कातडीसकट काखेखालून पुढे आणतात, किंवा बेंबीखालची चरबी-कातडी वर नेतात. पोटाच्या शस्त्रक्रियेचेही दोन प्रकार आहेत. एकात पोटाचा स्नायू सोबत जातो. दुसऱ्यात तो जागेवर राहतो आणि दुर्बिणीखाली बारीक रक्तवाहिन्या जोडतात. हे दुसरं काम सहा-आठ तास किंवा जास्तही चालतं, आणि ते करणारे सर्जन सगळीकडे नसतात.

पुस्तकातल्या माहितीपेक्षा आपल्या बाईला महत्त्वाचं आहे ते तिचं काम. ती रोवणीला दिवसभर बांधीत वाकून उभी राहते का? विहिरीवरून पाणी ओढते का? डोक्यावर भारा उचलते का? विडी वळणारीचं काम बसून असतं, पण खांदा आणि हात दिवसभर चालतात. पोटाचा स्नायू काढला तर पोटाची भिंत कमजोर होऊन हर्नियाची शक्यता वाढते. पाठीचा स्नायू गेला तर रोजचं काम बहुतेक जणींना जमतं, पण ओढण्या-ढकलण्याच्या जड कामात तो हात लवकर थकतो. सर्जन हे सगळं विचारतीलच असं नाही. त्यांच्यासमोर साडी नेसलेली, दबून बसलेली बाई असते; तिच्या अंगमेहनतीचा अंदाज त्यांना कसा यावा? म्हणून आपणच सांगावं, की डॉक्टरसाहेब, मी धान रोवते, आणि मला परत रोवायचं आहे.

दुसरा हिशेब फेऱ्यांचा. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, मेडिकल, एम्स ही ठिकाणं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. एस.टी.त २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तेव्हा नागपुरात एक्स्पांडर भरायला पुन्हा पुन्हा जाणं जमू शकतं. तेच मुंबईच्या टाटा रुग्णालयात केलं, तर दर खेपेला सुमारे नऊशे किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून निघून तुमसर रोड, भंडारा रोडवरून थेट मुंबईला नेते हे खरं, पण नुसत्या सुईसाठी दर पंधरवड्याला मुंबई कोण करील? एकूण किती खेपा पडतील, आणि त्यांतल्या काही नागपुरात होऊ शकतील का, हे रीत ठरवण्याआधीच विचारावं. नागपुरातही कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन एकाच वेळी टेबलावर असतील का, हा प्रश्न आधी विचारण्याचाच.

तारखेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. कॅन्सर काढण्याची तारीख रोवणीसाठी, लग्नासाठी, कशासाठीही पुढे ढकलू नये. पुनर्रचनेचं तसं नाही. ती त्याच वेळी करता येते, तशी काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही करता येते. शेक घ्यायचे असतील, म्हणजे रेडिएशन, तर पुष्कळदा डॉक्टरच थांबायला सांगतात, कारण रेडिएशननंतर इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याचं प्रमाण जास्त असतं. मागाहून करायची असेल तर तारीख आपल्या हातात आहे. चार ते सहा आठवडे जड उचलता येणार नाही, हे धरून रोवणी आणि कापणी दोन्ही चुकवून दिवस निवडावेत.

शरीराच्या तयारीत मी सगळ्यात वर खर्रा ठेवते. बायका खात नाहीत असं आपण म्हणतो. खरं काय ते आपल्याला माहीत आहे. खर्रा, गुडाखू, तंबाखूची मिश्री, विडी, सगळ्यांत निकोटिन आहे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या जागी आणलेलं मांस तर त्याच बारीक वाहिन्यांवर जगायचं असतं. ते काळं पडलं, तर सगळी मेहनत वाया. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत तोंडात काही नको. सुटत नसेल तर लपवू नये, डॉक्टरांना सांगावं. तारीख पुढे गेली तरी चालेल.

आपल्या पूर्व विदर्भातली दुसरी खास गोष्ट म्हणजे सिकलसेल. मुंबईच्या भूलतज्ज्ञाला हे आपोआप सुचेलच असं नाही. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा आपण स्वतः वाहक असू, तर पहिल्याच भेटीत सांगावं. तपासणी झालेली नसेल तर निघण्याआधी करून घ्यावी. लांब चालणाऱ्या शस्त्रक्रियेत ऑक्सिजन, अंगातलं पाणी आणि शरीराची ऊब सांभाळण्याची तयारी त्यावर ठरते. साखर आणि हिमोग्लोबिन गावीच पाहून घ्यावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, वैद्याच्या पुड्यासुद्धा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि टॅमॉक्सिफेन कधीकधी काही दिवस थांबवतात, कारण टॅमॉक्सिफेननं रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. पण आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नये.

आता मुक्काम. घरचे लोक इथे हमखास गफलत करतात. रुग्णालयातून सुटी मिळण्याचा दिवस हा गावी परतण्याचा दिवस नसतो. इम्प्लांट असेल तर एक-दोन दिवसांत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सात दिवसांत सुटी मिळते. पण छातीत, पोटात किंवा पाठीत ड्रेनच्या नळ्या असतात. त्यांतून येणारं पाणी चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली येईपर्यंत त्या काढत नाहीत, आणि याला आठवडा, दोन आठवडे लागतात. हे दिवस रुग्णालयाजवळ काढायचे असतात. मुंबईला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा बाहेरगावच्या रुग्णांसाठी आहेत; आपल्याच वऱ्हाडातल्या संताच्या नावाची धर्मशाळा दादरला आपल्या माणसांना छप्पर देते आहे. पण तिथं खोली रिकामी असेलच असं नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी बोलून ठेवावं, कागद जवळ ठेवावेत. नागपूरला नातेवाईक असतातच. मात्र त्यांच्या घरी जाण्याआधी संडास कोणत्या प्रकारचा आहे, जिने किती आहेत, हे विचारायला लाजू नका. पोटाला टाके असताना उकिडवं बसता येत नाही.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाड्याची पूर्ण सूट आहे, सोबत्याला पाऊण. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरूनच काढावं लागतं. परतीचं तिकीट मात्र नळ्या निघायची तारीख कळेपर्यंत पक्कं धरू नका. खालचा बर्थ मागावा, आणि गाडीत तासा-दीड तासानं उठून चार पावलं चालावं.

सोबतीला कोण जाणार, हे घरात मोकळेपणानं ठरवायला हवं. नवरा जातो, कागदपत्रं करतो, औषधं आणतो. ते हवंच. पण नळीतलं पाणी मोजून वहीत तारीख-वेळेसह लिहायचं, अंग पुसून द्यायचं, केस विंचरायचे, यासाठी बहीण, लेक, जाऊ, जी कुणी न लाजता करील ती हवी. काही नवरे हे सारं उत्तम करतात. तसा असेल तर प्रश्नच मिटला. मागे घरी चूल, गुरं, पोरांची शाळा कोण पाहणार, हेही निघण्याआधी ठरलं पाहिजे. नाहीतर बाई तिकडे पलंगावर, आणि जीव इकडे गोठ्यात.

कपड्यांत समोरून उघडणारे सैल गाऊन तीन-चार न्यावेत. हात वर करून घालायचं काही नको. पोटाची शस्त्रक्रिया असेल तर परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून काही आठवडे साडी विसरायची. एक लहान मऊ उशी जवळ असू द्या. मोटारीत पट्ट्याखाली धरायला आणि खोकला आला तर पोटाशी दाबायला ती कामाला येते.

निघताना सुटीचा कागद, वापरलेल्या इम्प्लांटचं कार्ड आणि आपल्या गावाकडच्या डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी, या तीन गोष्टी मागून घ्या. कार्ड जपायचं, कारण इम्प्लांट जन्मभराचं नसतं. पुढे बदलावं लागू शकतं. २०१९ साली एका कंपनीची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली गेली, तेव्हा आपल्या छातीत कोणतं आहे हे कार्डावरूनच कळत होतं. चिठ्ठीत टाके कधी काढायचे, ड्रेसिंग कसं करायचं आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे स्पष्ट असावं. अंगात १००.४ च्या वर ताप, जागा लाल आणि गरम, पू, नव्या स्तनाची कातडी निळी-काळी किंवा फटफटीत आणि थंड पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. पोटरी एकाएकी सुजली किंवा दम लागला तर थेट १०८.

आणखी एक, जे आपल्या घरांत हमखास घडतं. दुखतंय म्हटलं की सासू गरम पाण्याची पिशवी आणते, थंडीत शेगडी जवळ ओढते. ही माया इथे चालत नाही. नव्या स्तनाला स्पर्श जवळजवळ कळत नाही. तो परत आलाच तर थोडा आणि उशिरा. चटका बसला तरी बाईला समजत नाही, आणि फोड आल्यावरच दिसतं. त्या जागेला शेक नाही, मालीश नाही. हाताचे व्यायाम मात्र डॉक्टरांनी शिकवले असतील तसे रोज करायचे.

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, मला नको. तेही अगदी बरोबर आहे. ब्लाउजच्या आत ठेवायचे कापसाचे किंवा सिलिकॉनचे स्तन मिळतात. त्यांना ना सुई लागते ना सुटी, आणि पुष्कळ जणी त्यावर समाधानानं राहतात. काही जणी तेही वापरत नाहीत. फक्त 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणून ते राहून गेलं, असं होऊ नये. आणि जिनं करून घेतलं, तिनं पुढच्या एक-दोन छोट्या खेपा हिशेबात धराव्यात. स्तनाग्र साधारण तीन ते सहा महिन्यांनी, सूज उतरल्यावर करतात, आणि ते काम पुष्कळदा त्याच दिवशी घरी जाण्यासारखं असतं.