दोन बेटं आणि एका तासाचं कोडं

दोस्तांनो, तुम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला राहत असाल, तर तुम्ही चक्क बेटावर राहता! हसू नका. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. मधल्या या बेटाचं नाव साष्टी. खाड्यांवर इतके पूल झालेत, की बेट म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. मुंबईचा सांताक्रूझ-अंधेरीचा विमानतळही याच बेटावर आहे बरं का!

आता नकाशात वायव्येला बघा. गुजरातच्या किनाऱ्याला अगदी चिकटून एक चिमुकलं बेट दिसेल. ते दीव. हे नाव 'द्वीप' या शब्दावरूनच आलं. १९६१च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. या बेटावरही विमानतळ आहे.

या दोन विमानतळांमध्ये अंतर किती? मोजपट्टी नको, पायथागोरसला बोलवा! अक्षांशांत फरक १.६२ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून १८० किलोमीटर. रेखांशांत फरक १.९५ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरांचा, म्हणून २०५ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू. कर्ण काढा. सुमारे २७२ किलोमीटर! मोटारीने निघालात तर खंभातच्या आखाताला वळसा पडतो आणि अंतर जवळजवळ तिप्पट होतं.

अशा मार्गावर एटीआरसारखं पंख्यांचं छोटं विमान चालतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरू. म्हणजे प्रवास ३३ मिनिटांचा. मग वेळापत्रकात तासभर का धरतात?

वाऱ्यामुळे, असं तुम्ही म्हणाल. करून पाहू. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आला, तर वेग उरला ४५०. वेळ लागला ३६ मिनिटं. वाढली फक्त तीन!

खरं उत्तर जमिनीवर आहे. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि उतरून जागेवर थांबलं की बंद. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी दर दीड मिनिटाला एखादं विमान चढतं किंवा उतरतं. म्हणजे रांग आलीच. उडाल्यावरही विमान लगेच पूर्ण वेग घेत नाही, आणि उतरण्याच्या कितीतरी आधी तो कमी करावा लागतो.

दीवहून परतताना तर आणखी गंमत. पुष्कळदा विमानं पूर्वेकडून, घाटकोपरच्या डोक्यावरून उतरतात. दीव वायव्येला, म्हणजे मुंबईला वळसा घालणं आलं. वर गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालायच्या. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. वाऱ्याने खाल्ली त्याहून जास्त वेळ तिथेच गेली! आणि बोरिवलीहून विमानतळ गाठायला लागणारा वेळ? तो आईबाबांनाच विचारा.

१९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा ही रांग नव्हती. पण त्यांच्या पस मॉथ विमानाचा वेग ताशी साधारण १६०. त्या विमानाने दीवला जायला पावणेदोन तास लागले असते.

आता एक गणित तुमच्यासाठी. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावरही विमानतळ आहे. तो मुंबईच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, त्यामुळे पायथागोरसला सुट्टी! अक्षांशांतला फरक ८.२७ अंश. काढा अंतर, आणि रांगेची मिनिटं मिळवायला विसरू नका.