गवतावर पडले, दुधात उतरले



संध्याकाळी धार काढली, की पहिला पेला घरातल्या लहानग्याला. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या कोणत्याही घरी ही रीत दिसेल. दूरच्या युक्रेन आणि बेलारूसमधल्या खेड्यांतही मुलांना घरच्या गाईचेच दूध मिळे. १९८६ सालच्या मे महिन्यात मात्र त्या पेल्यातून मुलांच्या अंगात विष गेले.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्राची भट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन वाऱ्याबरोबर पसरून कुरणांवर बसले. गाईंनी ते गवत खाल्ले आणि विष दुधात उतरले. दुधाचा रंग तोच, वास तोच, चवही तीच. आईला कळणार कसे?

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूस थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिला आयोडीन लागते. पण साधे कोणते नि किरणोत्सारी कोणते, हे तिला ओळखता येत नाही. मुलांची ग्रंथी इवलीशी आणि दूध पिणे जास्त, म्हणून मारा त्यांच्यावर अधिक. शिवाय तिकडच्या आहारात आयोडीन मुळातच कमी होते. भुकेल्या ग्रंथीने ते जास्तच ओढून घेतले. चार-पाच वर्षांत मुलांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या. त्या वेळी लहान असलेल्या ६ हजारांहून अधिक जणांना २००५ सालापर्यंत थायरॉइडचा कर्करोग झाला. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याचे मूळ त्या दुधात होते. उपचारांमुळे बहुतेक जण वाचले.

हे पुष्कळसे टळण्यासारखे होते. या आयोडीनचा जोर दर ८ दिवसांनी निम्मा होतो. वेळीच सांगितले असते, तर जनावरे गोठ्यात बांधून जुनी वैरण घालता आली असती, मुलांचे ताजे दूध काही आठवडे थांबवता आले असते. शेजारच्या पोलंडने तीन-चार दिवसांतच मुलांना आयोडीनचे औषध पाजायला सुरुवात केली.

ही चिंता मुंबईपर्यंतही पोहोचली होती. दूध महापूर योजनेसाठी आलेल्या २०० टन आयरिश लोण्याविरुद्ध काही नागरिक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालावरून १९८८ साली ते लोणी खाण्यास निर्धोक ठरवले. लोकांनी विचारले, म्हणून तपासणी झाली.

आपण काय करावे? घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा. अपघाताची सूचना कधी आलीच, तर वैरण झाका, जनावरे आत घ्या. आयोडीनच्या गोळ्या सरकारने सांगितल्याशिवाय घेऊ नका. आणि मुलाच्या गळ्यात गाठ लागली, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण डॉक्टरांना दाखवा. हा कर्करोग वेळेवर कळला तर बहुधा बरा होतो. मुंबईत परळच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात तर त्याच किरणोत्सारी आयोडीनने या रोगावर उपचार करतात. काट्याने काटा काढावा तसे!